जमीन एलिएसेरची, घर माझं

मी, एदेल्मिरा नागेल्किन, कै. इसाइआस ओयार्सो यांची विधवा, वय एक्क्याऐंशी, राहणार चिलोए बेट, देश चिली, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगून लिहवून घेत आहे. मला अक्षर येत नाही, पण डोकं ठिकाणावर आहे. नोटरीसाहेबांनी खात्रीसाठी विचारलं, "बाई, आज वार कोणता?" मी म्हटलं, "तुम्ही जेवल्याशिवाय इथून उठत नाही, तो." तेवढी खात्री पुरे.

१. माझा नातू एलिएसेर. बाप समुद्रात बुडाल्यावर शिंपले विकून मी त्याला वकील केलं. पहिला खटला त्यानं आमच्या किनाऱ्यासाठी फुकट लढवला, जिंकला, आणि त्याच पुण्याईवर खासदार झाला. मग तोच किनारा मासे पाळणाऱ्या कंपनीला देणाऱ्या कायद्याच्या बाजूनं त्यानं संसदेत हात वर केला. मी जाब विचारला, तर म्हणतो, "आजी, कायदा तुला वाटतो तितका सोपा नसतो गं."
"नसेल रे. पण घाणीचा वास घ्यायला वकिली शिकावी लागत नाही."

२. टेकडीखालची जमीन मी हयातीतच त्याच्या नावे केली आहे. तोच त्याचा वाटा. आणखी काही मिळणार नाही. ती तो कंपनीला धक्का बांधायला देणार आहे, हे मला मासळीबाजारात कळलं. घरच्या माणसाकडून नाही.

३. त्या जमिनीवरचं लाकडी घर मात्र माझंच आहे. जमिनीचा दस्त त्यानंच केला. खासदाराला मालमत्ता जाहीर करावी लागते. ती कमी दिसावी म्हणून घर त्यानं मुद्दाम वगळलं. "राहू दे तुझ्याच नावावर, आजी. घर कुठं पळून जातंय?" सांतियागोत राहून पोरगा आपलं बेट विसरला. आमच्याकडे घरं जातात.

४. ते घर मी माझी नात ओतिलिआ हिला देते. मला पुरल्यावर गावानं मिंगा करावी: काचा काढाव्या, चूल उतरवावी, घराखाली ओंडके सरकवून बैल जुंपावे आणि घर ओढत ओतिलिआच्या जागेवर न्यावं. मिंगेला मजुरी नसते, जेवण असतं. त्यासाठी माझं डुक्कर, बटाटे आणि सफरचंदाची दारू ठेवली आहे. सेगुंदोचे बैल पुढे जुंपू नयेत. तो साक्षीदार असला तरी सांगते, बैल मालकावर गेलेत.

५. माझ्यासाठी नऊ दिवसांची प्रार्थना घर नव्या जागी टेकल्यावरच सुरू करावी. कंपनीच्या धक्क्यावरून मला स्वर्गात जायचं नाही.

६. एलिएसेर येईल, फोटोवाल्याला घेऊन. त्याला भाषण करू देऊ नये. हातात दोर द्यावा. ओढला, तर पोटभर वाढा. मीच वाढवलेलं लेकरू आहे. नुसता उभा राहिला, तर घर निघून गेल्यावर त्याला त्याच्या जमिनीवर एकटं उभं राहू द्यावं. कुणी हाक मारू नये.

मजकूर मला वाचून दाखवला. शिव्या नोटरीसाहेबांनी गाळल्या, बाकी सगळं माझं.

एदेल्मिरा नागेल्किन (अंगठा)

साक्षीदार: सेगुंदो बार्रिया (बैलांबाबत असहमत), तेओलिंदा काइकेओ, रेनातो चिगुआय

चिलोए, १४ मार्च २०१९