ये गोंग साहेबांची व्हिजिटिंग कार्डं

३ मार्च, हॅनोव्हर
संकल्प: चाळीस दिवसांत चिनी भाषा. एप्रिलच्या औद्योगिक प्रदर्शनात शांघायचे पाहुणे आमच्या कंपनीच्या स्टॉलवर येणार. बॉसला सांगून टाकलं, स्वागत मी करतो, चिनीत. नवा टीम लीड त्यानंतर ठरणार. आल्झो, म्हणजे मी ठरल्यातच जमा.

८ मार्च
अभ्यास: बारा मिनिटं. आधी वातावरण हवं. ड्रॅगनचं पोस्टर, ड्रॅगनचा मग, ड्रॅगनचा टाय आणला. अरुंधती म्हणाली, पडद्यांवरही आणलास तर मी माहेरी जाईन. बायकोला पूर्वतयारी कळत नाही.

१९ मार्च, दुपारी
कॅन्टीनमध्ये टेस्टिंगच्या लिनबाईंनी टाय पाहिला आणि हसत म्हणाल्या, "ये गोंग हाओ लोंग!" अर्थ विचारला. ड्रॅगनप्रेमी ये साहेब. जुनी गोष्ट आहे, सांगू का, म्हणाल्या. म्हटलं, नंतर, मीटिंग आहे. साहेब! इतक्या लवकर पदवी! लगेच कार्डं छापायला टाकली. दोनशे. नावाखाली चिनी अक्षरांत तेच.

३० मार्च
अभ्यास: नाही. कार्डं सुंदर आली.

१० एप्रिल
पाहुण्यांनी कार्ड वाचलं. तिघेही पोट धरून हसले. मग त्यांतले वडीलधारे माझा हात धरून चिनीत बोलायला लागले. थांबेचनात. मी स्टॉलमागच्या खोलीत गेलो. कॅटलॉग नीट लावायचे होते.

लिनबाई मागोमाग आल्या आणि गोष्ट सांगूनच थांबल्या. ये साहेबांनी घरभर ड्रॅगन रंगवले, कोरले. वर आकाशातल्या खऱ्या ड्रॅगनला कळलं. खूश होऊन तो भेटायला आला, खिडकीतून डोकं आत घातलं. साहेब पांढरेफटक पडून पळाले. नुसत्या दिखाऊ आवडीला चीनमध्ये दोन हजार वर्षं हेच म्हणतात. किती कार्डं छापलीत, त्यांनी विचारलं. म्हटलं, आता एकशे सत्त्याण्णव उरलीत.

११ एप्रिल, सकाळी
बॉसचा फोन. पाहुणे कार्डावर फिदा. स्वतःवर इतका हसणारा माणूस पाहिला नाही म्हणे. आहेच मी तसा. आज दुपारी त्यांनी मला आणि अरुंधतीला जेवायला बोलावलंय. कपाळ गरम लागतंय. थर्मामीटर ३६.४ दाखवतोय. जर्मन यंत्राला आपला ताप काय कळणार. अरुंधतीला एकटीला पाठवलं.

साडेतीन
अरुंधती आली. कोणत्या भाषेत बोललीस, विचारलं. "इंग्लिशमध्ये. तिघेही फाडफाड बोलतात." मग माझ्याशी चिनीत का? "तूच सुरुवात केलीस ना!" टीम लीड लिनबाई झाल्या. पाहुण्यांनी माझ्यासाठी डब्यात डम्पलिंग पाठवलेत. उठवतंय का, म्हणाली. नाही म्हटलं. पडल्यापडल्या चौदा खाल्ले.