बेरिलियमचा आरसा

लोगन, युटा
४ नोव्हेंबर २००३

ती. नेड्राताईस, व्हर्लचा सा. न. वि. वि.

सॉल्ट लेकच्या डॉक्टरांनी खोकल्याचं कारण सांगितलं. बेरिलियम धातूची धूळ. तुमच्या उपग्रहासाठी आरसा घासला, तीच. फुप्फुसं आता सुधारणार नाहीत म्हणाले. लरीन म्हणते, जन्मात सिगारेटला शिवला नाहीत, आणि हे काय ओढून बसलात.

माझ्याबरोबरचा ग्लेडही खोकतो. कारखान्याची चौकशी लागली आहे. धूळ ओढणारा पंखा तेव्हा नव्हता, हे मालक कबूल करत नाही आणि आमच्याकडे कागद नाही. कागदाशिवाय तपासनिसाचे हात बांधलेले. नवे लोक आजही तिथंच घासतायत.

आरसा चालतोय ना, तेवढं कळव. लोभ आहेच, आणखी असला तर हवाच आहे.

तुझा
व्हर्ल


हॅम्प्टन, व्हर्जिनिया
१२ नोव्हेंबर २००३

चि. व्हर्लला अनेक आशीर्वाद.

आरसा उत्तम चालतोय. मागच्या पंधरवड्यात सूर्यावर मोठं वादळ झालं. शंभर किलोमीटरच्या वरची हवा भयंकर तापली, फुगली आणि तीन-चार दिवसांत सगळी उष्णता बाहेर टाकून निवली. ती उष्णता तुझ्या आरशानं टिपली, म्हणून आम्हाला मोजता आली. इथे सगळे खूश आहेत.

आता खरं लिहिते. अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये तुझ्या मालकानं मला पत्र घातलं होतं, की पंखा बसायला दोन महिने लागतील, तोवर काम थांबवू का. मी कळवलं, उड्डाणाची तारीख हलणार नाही, काम चालू ठेवा. आरसा तू घासतोयस हे मला ठाऊक होतं. त्याचं पत्र आणि माझ्या उत्तराची प्रत आज तपासनिसाला पाठवली. नोकरी जाईल बहुधा. जाऊ दे.

हवं ते बोल, पण लिही. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.

नेड्रा


लोगन
७ डिसेंबर २००३

ती. वन्संना लरीनचा नमस्कार.

तुम्ही पाठवलेल्या कागदांमुळे कारखाना बंद झाला. ग्लेडची आणि बाकीच्यांची तपासणी सुरू आहे.

हे मंगळवारी गेले. परवा दफन केलं. तुम्हाला आधी कळवलं नाही, त्यांचंच तसं सांगणं होतं.

तुमचं पत्र मी वाचून दाखवलं, तेव्हा दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग म्हणाले, मला विचारलं असतं तरी मी घासलाच असता, ताईचं काम म्हणून. पण तिनं विचारायला हवं होतं. माफ केलं असं लिहू का, म्हणून मी विचारलं. म्हणाले, तसं लिहू नकोस. उत्तर मात्र दे.

म्हणून हे उत्तर.

लरीन