शांताचा भरलेला चेहरा

अहो,

तुम्ही गेल्यापासून मनातच बोलत आले तुमच्याशी. आज लिहायला बसले, कारण घरात माझं कुणी ऐकून घेत नाही.

आपल्या शांताची सोयरीक जमली. नवऱ्या मुलीला म्हसावदमध्ये घरोघर जेवायला बोलावतात, तसं सध्या चाललंय. काल तिची होणारी सासू आली होती. शांताचा गाल चिमटीत धरून म्हणाली, "पोर कशी भरेल शे व!" अंग भरलंय म्हणून सगळ्या कौतुकाने हसल्या. मी मात्र तिच्या पायांकडे पाहत होते. सकाळी पोरीच्या पापण्या सुजलेल्या असतात. पैंजण काढलं की घोट्यावर खोल वळ राहतो. हे भरणं मी एकदा पाहिलंय!

तुम्हालाही पारावर लोक म्हणायचे, अंगाने सुधारलात! आणि तुम्ही मिशीला पीळ द्यायचात. का नाही हो तेव्हाच कुणाला शंका आली?

मग मूत्रपिंडं निकामी झाल्याचं कळलं, आणि मुंबई गाठली. रक्त धुण्याचं ते यंत्र तिथे नुकतंच आलं होतं. एकदा रक्त धुतलं आणि तुम्ही उठून बसलात, भाकरी मागितलीत, नर्सबाईंची थट्टा केलीत. भावजी तर पेढेच घेऊन आले. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, "बाई, चेहऱ्यावर जाऊ नका. यंत्र विष काढतं, पण यांच्या रक्तातलं प्रथिन फार उतरलंय. असं रक्त असलेला माणूस फार काळ काढत नाही." इतका राग आला मला त्यांचा! समोर माणूस हसतोय, आणि बाटलीतलं रक्त त्याचं मरण सांगणार? पण रक्तच खरं ठरलं. पेढे संपायच्या आत तुम्ही गेलात.

तुम्हीही काही कमी नव्हतात. मुंबईला जायच्या आधीच या दुखण्यात केळी वर्ज्य म्हणून बजावलं होतं, तरी मळ्यातला घड आला की "आपलं केळं आपले काय करी?" म्हणत उशीखाली लपवायचात. काय म्हणावं तुम्हाला!

शांताचं रक्त तपासू या, असं भावजींना म्हटलं. म्हणाले, "वहिनी, आते नको. रगत काढं हाई त्यासले समजनं ते सोयरीक मोडी जाई. लगीन व्हऊ दे, मंग दखूत." सासरी कळेल म्हणून लग्नानंतर पाहायचं म्हणे! शांताही म्हणते, "माय, मन्हं काहीच दुखत नही."

तुमचं तरी कुठे दुखत होतं?

मला भीती वाटते हो. हळद लागायच्या आधीच तिला नंदुरबारला नेऊन तिचं रक्त तपासून घेणार आहे. सोयरीक मोडली तर मोडू दे. लोक काय म्हणतात ते मागून ऐकेन, आधी रक्त काय म्हणतं ते ऐकणार. हे वचन तुम्हाला देते.

आणि एक मागते. तुमचा जीव तिच्यात फार, मला ठाऊक आहे. पण रक्ताने वाईट सांगितलं, तरी तिकडून तिला हाक मारू नका. मी तिचा हात सोडणार नाही.

तुमचीच,
शांताची आई