कॅमेरा क्रमांक सात

६ जानेवारी २०२५, सकाळी ८
आजपासून रोजनिशी. शास्त्रीय कामाला नोंद लागते. रिटायर झाल्यावर लोक बागेत फेऱ्या मारतात, मी हरसूलजवळच्या राखीव जंगलातले सस्तन प्राणी मोजणार. संशोधक हर्षलने मला स्वयंसेवक म्हणून निवडलं. अर्ज एकच आला होता म्हणे. दर्जेदार असला की एक पुरतो.
वनमजूर बहिरूच्या घरी खोली घेतली. माझ्या ताब्यात कॅमेरा क्रमांक सात. झाडाला बांधलाय. समोर काही हललं की आपोआप फोटो निघतो.
उज्वला आमच्या लेकीच्या, स्नेहलच्या बाळंतपणाला पुण्याला गेली, त्याला अकरा महिने झाले. तिला बिबट्याचा फोटो पाठवणार. नवऱ्याचं कर्तृत्व बघून लगेच घरी येईल.

८ जानेवारी
हर्षलची सूचना : पंचेचाळीस दिवस कॅमेऱ्याकडे फिरकायचं नाही. पोरगा हुशार, पण अनुभव कमी. सातपूरच्या कंपनीत मी एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्शन केलं. दर शिफ्टला मशीन बघितलं नाही तर माल रिजेक्ट. रोज एक फेरी मारणार. लांबूनच.

११ जानेवारी
लांबून काही कळत नाही. जवळ गेलो. लेन्स पुसली. वाटेवर कुणीतरी घाण केली होती, तीही उचलून जागा चकाचक केली. बहिरूने कपाळाला हात लावला. म्हणाला, साहेब, ती बिबट्याची हाय, तिच्यावरून तर त्याची वाट कळते. स्वच्छता सर्वांनाच आवडते, असं त्याला समजावलं.

१९ जानेवारी
डबा तिथेच नेतो. वेळ वाचतो. एकला पोहोचतो, साडेतीनला निघतो. मध्ये कॅमेऱ्याशी दोन शब्द बोलतो. मशीनची चाचणी होते.
बहिरू म्हणाला, तुमचा वास बसलाय तिथं, जनावर लय लांबून जातं, नका जाऊ रोज. संकल्प : उद्यापासून जाण्याआधी दोनदा आंघोळ.

२० जानेवारी
पाणी फार गार. गेलो तसाच.

२ फेब्रुवारी
उज्वलाचा फोन. जेवलात का, विचारलं. म्हटलं, आमची टीम आहे, गप्पा मारत जेवतो. कधी येतेस, हे विचारायचं राहून गेलं. रेंज गेली. म्हणजे मीच ठेवला.

२० फेब्रुवारी
कॅमेरे उतरवले. पेठच्या ऑफिसात हर्षलने लॅपटॉपवर सगळी कार्डं उघडली. बाकीच्यांत साळिंदर, उदमांजर, रानडुक्कर, भेकर. पाच नंबरमध्ये बिबट्या. सातमध्ये एक हजार एकशे बारा फोटो. सगळ्यांत मी.
हर्षल हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. काका, कोणाशी बोलताय, एवढंच विचारलं त्याने. टेस्टिंग, म्हणालो. पण फोटोत सगळं दिसतं. मी काहीतरी विचारतो, थांबतो, मान हलवतो, परत बोलतो. एका फोटोत शेंगदाण्याची चटणी पुढे करतोय, घे म्हणून.

२१ फेब्रुवारी, दुपारी
माणसांचे फोटो नियमाप्रमाणे डिलीट करतात. अहवालात कॅमेरा सातपुढे लिहिलंय : सस्तन प्राणी आढळला नाही. मीही सस्तनच, असा मुद्दा मांडला. मान्य झाला नाही. डिलीट व्हायच्या आत एक फोटो मागून घेतला. उज्वलाला पाठवला.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
तिचा फोन आला. म्हणाली, किती वाळलात हो, आणि टीम कुठाय? टीम नाही, सांगून टाकलं. मग वर्षभरात पहिल्यांदा विचारलं, तू कधी येतेस. तिने आधी रडणारं बाळ शांत केलं. मग म्हणाली, स्नेहलला एकटीला जमत नाही, आणि खरं सांगू का, माझंही मन आता इथंच रमलंय. वेळेवर जेवत जा, म्हणाली.
बरोबर आहे तिचं. पण फार एकटं वाटलं. एकदाच लिहून ठेवतो, परत लिहिणार नाही.
हर्षलला फोन केला, पुढचा सर्व्हे कधी. पैसे मंजूर झाले तर पुढच्या वर्षी, म्हणाला. म्हणजे फार लांब नाही. सातपूरला घरी परतायची कशाला घाई करायची? बहिरूला सांगितलं, खोली राहू दे. उद्या एक वाजता डबा घेऊन जाऊन येतो. कॅमेरा काढलाय, पण झाड आहे.