अंगणातली नाव

३ फेब्रुवारी १९६३, रविवार

प्लायवूड आलं! यवतमाळहून मोटारीच्या टपावर, आणि स्टँडवरून धरमसिंगच्या बैलगाडीत, वर गोणपाट टाकून. मोठमोठे तक्ते. ह्यांनी एकेकावर बोटांनी वाजवून पाहिलं. किती महिन्यांनी ह्यांच्या चेहऱ्यावर जीव दिसला. मी विचारलं, कपाट करताय का? म्हणाले, "नाव."

पुसदच्या घराच्या मागच्या अंगणात नाव. नदी पार गावाच्या टोकाला, आणि आता तिच्यात घोटाभर पाणी.

५ फेब्रुवारी, मंगळवार

घरात हा विषय निघत नाही म्हणून इथे लिहिते.

गेल्या भाद्रपदात पूस नदीला पूर आला, त्या सकाळी वामनभावजी – ह्यांचे धाकटे भाऊ – ह्यांच्याशी भांडून घराबाहेर पडले. मास्तरकीच्या ट्रेनिंगला जायचं नव्हतं त्यांना. दुपारी एक माणूस पुरात वाहत जाताना दिसला. हात वर करत होता. काठावर सारं गाव उभं होतं, हेही होते. नाव कोणाजवळच नव्हती. त्या दिवशी भावजी घरी आले नाहीत, नंतरही नाहीत. पाणी उतरल्यावर खालच्या अंगाला बाभळीत प्रेत सापडलं. चेहरा राहिला नव्हता. अंगावर कपडा नव्हता. ह्यांनी पाहिलं आणि वामनच म्हणून मान हलवली. अग्नी ह्यांनीच दिला.

तेव्हापासून हे शाळेत जातात, मुलांना चित्रकला आणि सुतारकाम शिकवतात, घरी येऊन भिंतीकडे बघत बसतात. आता नाव करतो म्हणतात तर करू देत. हाताला काम असलं की माणूस सावरतो.

१७ फेब्रुवारी, रविवार

अंगणातल्या फरशीवर खडूनं नावेचा आकार काढलाय. मी त्यावर पाय न देता धुणं वाळत घालते. सागाच्या फासळ्या तासून झाल्या. सगळीकडे रंध्याचा भुसा, अगदी पिठाच्या डब्यातसुद्धा.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

आज प्लायवूड वाकवलं. मी बंबात पाणी तापवून तांब्या-तांब्यानं तक्त्यावर ओतत होते, आणि हे दोरीचा पीळ आवळत होते. लाकूड हळूहळू वळलं आणि फासळ्यांना जाऊन टेकलं. मला फार मजा वाटली. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघांनी मिळून काही केलं. पितळी स्क्रू मी मोजून हातात देत होते, हे पिळत होते. संध्याकाळी ह्यांनी दोनदा भात घेतला.

१४ मार्च, गुरुवार

सांध्यांत कापसाची वात ठोकून वरून डांबर. कापूस मीच वळला. हात काळे झाले, रॉकेलनंही निघेना.

सुखीबाई, धरमसिंगची बायको, बंजाऱ्यांच्या तांड्यावरून दूध घेऊन येते. ती अंगणाच्या दाराशी थबकली, आत येईना. कोणासाठी करून राह्यले मास्तर, असं विचारलं तिनं. मी सांगितलं, पुढच्या पुराला कोणी वाहून जाऊ नये म्हणून. ती नावेकडे बघत राहिली. दूध उंबऱ्यावरच ठेवून गेली.

२ एप्रिल, मंगळवार

बैठकीच्या फळ्या बसल्या. एक मधे, एक मागे. नाव अजून लाकडी घोड्यांवर आहे, पाण्याचा थेंब तिला लागलेला नाही. पण मागची फळी ओली होती. मी पुसली. भर दुपारचं ऊन, आणि जेवणं आटोपेपर्यंत पुन्हा ओली. माणूस ओल्या धोतरानं बसून उठावा तेवढीच जागा.

ह्यांना सांगितलं. "हो," म्हणाले आणि काचपेपर घासत राहिले.

३ एप्रिल

आजही ओली.

११ एप्रिल, गुरुवार

हे काम करताना बोलतात. आधी वाटलं, स्वतःशीच. आज स्वयंपाकघरातून नीट ऐकलं. विचारतात, थांबतात, मग उत्तराला हसतात. मी बाहेर गेले तर हे घोडीला टेकून मागच्या फळीकडे बघत उभे. मला म्हणाले, "रत्ना, आणखी एक कप चहा ठेव. वामन आलाय."

मी चहा ठेवला. काय करणार? फळीवर नेऊन ठेवला. परत आणला तेव्हा कप भरलेलाच होता, पण थंडगार. उन्हात ठेवलेला चहा एवढा थंड कसा होईल?

१९ एप्रिल, शुक्रवार

मागची फळी उखडून वीतभर मागे सरकवली. इतकं पक्कं केलेलं काम! का, म्हणून विचारलं. म्हणाले, त्याचे पाय आखडतात.

भावजींना तर सायकलची सीट खाली करून घ्यावी लागायची. मी हे बोलून दाखवलं नाही. ह्यांचा आनंद दिसतोय, तो घालवायचा कशाला? पलीकडे गेलेल्या माणसाचं माप कोण घेणार?

२६ एप्रिल, शुक्रवार

अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. भावजी गेल्यावरची पहिलीच, म्हणून त्यांच्या नावानं घागर भरली, पान वाढलं. पुरणपोळी, आमरस, कुरडया. ह्यांनी पान उचललं आणि नावेत मागच्या फळीपुढे ठेवलं. मी हात जोडून म्हटलं, वामनभावजी, जेवा.

काहीच झालं नाही. मग ह्यांनी नुसतं "जेव रे बाबा" म्हटलं, आणि नाव घोड्यांवर करकरली. वजन पडल्यासारखी. माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणीही आलं. इतका भुकेला होता तो जीव.

सुखीबाईनं हे पाहिलं. जाताना माझा हात धरून म्हणाली, "बाई, पान्यातल्या मानसाले बसाले जागा देली का तो उठत नाही. मास्तरले सांगा." मी सांगितलं नाही.

५ मे, रविवार

नाव पाण्यात गेली. धरमसिंगच्या तांड्यामागे तलाव आहे, त्यात अजून बऱ्यापैकी पाणी आहे. बाहेरून निळा रंग, आतून जवसाचं तेल पाजलेलं. वल्ही सागाची. एक थेंबही आत आला नाही! मला इतका अभिमान वाटला. कापूस माझ्या हातचा होता.

हे एकटेच बसले, मधल्या फळीवर. नाव पुढून वर उचललेली, मागून खाली. धरमसिंग काठावरून बघत होता. तो ओरडून म्हणाला, "मास्तर, मांगून दबून राह्यली. मंधात बसा ना!"

"मधेच आहे मी," हे म्हणाले. "त्यालाच सांगतोय पुढे सरक म्हणून. ऐकत नाही." आणि मोकळेपणानं हसले.

धरमसिंग हसला नाही. नाव गाडीवर चढवायला जाताना दोघं पुरले होते. येताना तांड्यावरची आणखी माणसं बोलवावी लागली.

६ मे

सुखीबाईनं दूध बंद केलं.

२० मे, सोमवार

मी आता दुपारी नावेत बसून तांदूळ निवडते. मधल्या फळीवर, मागच्या फळीकडे पाठ करून. भीती गेली आहे. ओल्या मातीचा गार वास येतो, एवढंच. कधीकधी भावजींना आठवणी सांगते. सणात चोरून खाल्लेले अनारसे, माझ्या माहेरी येऊन घातलेला धुडगूस. पूर्वी ह्या गोष्टींवर ते पोट धरून हसायचे. आता मागे कोणी हलत नाही. अनोळखी माणसानं ऐकून घ्यावं तसं वाटतं.

आज ह्यांनी सांगितलं. पाऊस लागून नदी भरली की नाव पुरात घालायची. बाभळीपर्यंत जायचं. "त्याला तिथवर सोडून येतो. एकट्यानं जाता येत नाही म्हणतो."

मी विचारलं, आणि तुम्ही परत कसे याल? पुराच्या उलट वल्हवत?

ह्यांनी वल्ह्याची मूठ दोरीनं गुंडाळायला घेतली.

२९ मे, बुधवार

हे शाळेच्या कामाला गेले होते. मी कुऱ्हाड घेऊन अंगणात गेले. बुडालाच घाव घालायचा ठरवलं होतं. ती वाकवताना ओतलेलं पाणी, वळलेला कापूस, सगळं आठवत होतं, पण नवरा नावेपेक्षा मोठा.

कुऱ्हाड उचलली, आणि नावेतून हुंदका आला. माणूस आवाज दाबून रडतो तसा. मोठ्या माणसाचा, जाड गळ्याचा. मी तशीच उभी राहिले. मग विचारलं, तुम्हाला माझा नवरा कशाला हवाय? त्यांनी तुम्हाला अग्नी दिला, पान वाढलं, अजून काय पाहिजे?

रडणं थांबलं नाही. कुऱ्हाड मी खाली ठेवली. आत जाऊन चहा केला आणि नेऊन ठेवला. दुसरं काही सुचलंच नाही.

३० मे, गुरुवार

ह्यांच्या पायावर डोकं ठेवलं. जाऊ नका म्हटलं. त्यांनी मला उठवलं, माझे डोळे पुसले. "रत्ना, त्या दिवशी मी काठावर उभा राहिलो. तो हात वर करत होता, मी बघत होतो. आता तो बोलावतोय आणि मी पुन्हा उभाच राहू?"



८ जून, शनिवार

आभाळ भरून येतं आणि उमरखेडकडे निघून जातं. हे सकाळ-संध्याकाळ नदीवर जाऊन पाणी बघतात. मी वल्ही लपवली होती, माळ्यावर, गोधड्यांच्या मागे. आज परत नावेत होती. ह्यांना विचारलं तर त्यांना ती लपवल्याचंही माहीत नव्हतं.

१३ जून, गुरुवार

वरच्या गावांत जोरदार पाऊस. नदीचं पाणी गढूळ झालंय. ह्यांनी धरमसिंगला गाडीसाठी निरोप पाठवला, तो आला नाही. आता रविवारी दुसऱ्या कोणाची तरी गाडी येणार आहे. मीही नावेत बसणार. सांगितलं तसं. म्हणाले, तिघांना जागा नाही.

१६ जून, रविवार

गाडी यायच्या आधी पुढच्या दाराची कडी वाजली. वामनभावजी! जिवंत, अंगावर खाकी शर्ट, हातात ट्रंक. इतके दिवस भिलाईला कारखान्यात होते. नोकरी पक्की होईपर्यंत घरी कळवायचं नाही असं ठरवलं होतं, इथे काय झालं ते त्यांना कुठून कळणार? मी नुसती दाराला धरून उभी राहिले. ते माझ्या पाया पडले आणि दादा कुठे आहे म्हणत मागच्या दारापर्यंत गेले. तिथूनच परत फिरले.

हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, दादाच्या मागं नावेत तो माणूस कोण बसून राह्यला?"