तेरा साती

१२ एप्रिल १९५६
दिवेलागणीला परवचा. दादाची कुसुम बारापर्यंत नीट, तेराला अडली. भाकरी थापता थापता सांगितलं.
दादा कारखान्यातून आला तो बातमी घेऊनच. पुण्यात मुलींच्या वसतिगृहात एक जागा आहे. आईवेगळ्या मुलींना आधी घेतात. विसापर्यंत पाढे तोंडी विचारणार. मी बरं म्हटलं.
आईवेगळी म्हणे! वहिनी गेल्यापासून चार वर्षं तिची वेणी कोण घालतंय?

१५ एप्रिल
दादाने मधूनच विचारलं, तेरा साती? कुसुमने तेरा एकेपासून सुरुवात केली. "असं चालायचं नाही तिथं. फाडकन आलं पाहिजे." मग मला म्हणाला, तू सांग. मीही मनातल्या मनात तेरा एकेपासूनच धावले. एक्याण्णव म्हणेपर्यंत त्याने चपला घातल्या होत्या.
खरं म्हणजे मी पाढे शिकलेच नाही. लहानपणी दादा ओटीवर घोकायचा, मी आत चुलीपाशी ऐकायची. चाल तेवढी पाठ झाली. तीच पोरीला दिली.

२२ एप्रिल
आधी मला यायला हवेत. जात्यावर बसून उलटसुलट घोकते. शेजारच्या गोदाकाकू दळण घेऊन आल्या, ऐकत बसल्या. जाताना म्हणाल्या, "शिकवा, चांगलं हाय. पन पोरगी गेली की तुमी बोलनार कुनासंगं?"
मी जातं ओढत राहिले. तेवढं पीठ जाडंभरडं आलं.

६ मे
नवी युक्ती. वेणीच्या प्रत्येक पेडाला एक प्रश्न. चौदा सक? चौऱ्याऐंशी. अठरा पाचा? पेड पडायच्या आत नव्वद. आनंद झाला नि लगेच मनात आलं. जितकं चांगलं शिकवीन तितकी लवकर जाईल. दादा दिवसभर कारखान्यात. घरी आला तरी जेवतो नि झोपतो. विधवा बहिणीशी काय बोलणार तो तरी.

११ मे
परवचा टाळला. डोकं दुखतंय म्हटलं. खोटं. कुसुम माझ्या कपाळाला सुंठ लावून शेजारी बसून राहिली.

१२ मे
आजही तेच. लाज वाटते.

१४ मे
पुन्हा सुरू. विसापर्यंत एकही चूक नाही. कार्टी माझ्याही पुढे गेली.

२ जून
दादाला रजा नाही. मीच नेलं पुण्याला. तिथल्या बाईंनी विचारलं, तेरा साती? कुसुमने माझ्याकडे पाहिलं आणि तेरा एके तेरापासून चालीवर सुरू केलं. दुसरं विचारलं, तेच. बाई म्हणाल्या, ही नुसती घोकंपट्टी. दहा तारखेला पुन्हा आणा, नाहीतर जागा दुसरीला देऊ.
चिंचवडला गाडीतून उतरून घरी चालत येताना विचारलं, असं का गं केलंस?
"मला येत होतं, आत्या. पण तुझं डोकं दुखलं तर सुंठ कोण लावणार?"
रस्ताभर तिचा हात धरून चालले.

३ जून
दादाने विचारलं. दहाला पुन्हा बोलावलंय, एवढंच सांगितलं. "अजून कच्ची आहे का?" गप्प बसले.
मी गप्प राहिले तर पोरगी माझीच राहते. हेही खरंच.
दिवा लावायच्या आधी वेणी घालायला बसवलं. पहिला पेड घेतला. विचारलं, तेरा साती?
कुसुम मान न वळवता म्हणाली, "इथं सांगितलं तर तिथंही सांगावं लागेल का?"
पेड हातातच राहिला. दिवा लावायला उशीर झाला.