काचेकडे पाठ

११ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे तीन फोन येऊन गेले म्हणे. उचलले नाहीत म्हणून लगेच गाल फुगवू नकोस. फोनवर हल्ली सगळे तोंडात गोळी धरल्यासारखे बोलतात, त्यापेक्षा पत्र बरं. अक्षराला मात्र हसू नकोस. थंडीत बोटं पांढरीफटक पडतात, पेन धरवत नाही. चहाच्या कपाला लावली की येतात ताळ्यावर. अठरा वर्षं ग्राइंडर हातात थरथरतोय, एवढं चालायचंच.

मोठी बातमी म्हणजे कारखान्यातल्या कानाच्या तपासणीत यंदाही मी पहिला! कानात बारीक आवाज आला की बटण दाबायचं असतं. गंमत अशी की खोलीच्या काचेतून तपासणाऱ्या बाईंचा हात दिसतो. त्यांचं बोट हललं की माझंही हलतं. माझ्यासोबत काम करणाऱ्या जाड्याला आणि आणखी पाच जणांना मीच ही युक्ती शिकवली. कानांवर घालायला दिलेली झाकणं आमच्या गळ्यातच असतात. चाक लोखंडावर नीट फिरतंय की अडतंय, हे कानानेच कळतं. कान झाकून घासणारा कसला कारागीर?

भाचरांना पापा. माया आहे तशीच ठेव.

तुझा,
धाकटा

१९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझ्या चावटपणावर मी आजवर हसत आले. या वेळी हसू आलं नाही, रडू आलं.

भावजयीने मला सगळं कळवलं आहे. तू पत्र लिहिलंस त्याच्या आधीच्या रविवारी ती दळण आणायला गेली होती आणि पोरगी न्हाणीघरात अडकली. आतली कडी निघेना. अर्धा तास ती दार बडवत बाबा बाबा करत होती आणि तू भिंतीपलीकडे पेपर वाचत बसला होतास. भावजय आली तेव्हा पोरीचा आवाज बसला होता. बाबा माझ्यावर रागावलेत का, असं तिने आईला विचारलं. हे तू मला लिहिलं नाहीस. पहिला नंबर तेवढा लिहिलास!

मला त्या कारखान्यातलं काही कळत नाही. मी आपली शिलाई मशीनवर बसणारी बाई. पण पुन्हा तपासणी माग आणि काचेकडे पाठ करून बस. तोवर मला पत्र पाठवू नकोस. हे लिहिताना माझा जीव तुटतोय, तरी लिहिते.

सुखी राहा, आणि एकदा तरी माझं ऐक.

तुझी,
ताई

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्यावर आठवडाभर चिडलो होतो. खरं सांगायचं तर घाबरलो होतो. ग्राइंडर काढून घेतला तर मला दुसरं येतं काय? पण पोरगी आता न्हाणीघरात जाताना दार उघडं ठेवते. ते बघवेना, म्हणून गेलो.

बाईंना आधी युक्ती सांगून टाकली. त्या ओरडल्या नाहीत, डोक्याला हात लावून बसल्या. मग म्हणाल्या की तुम्हा सगळ्यांचे कान उत्तम दिसले, म्हणून तर आवाज आणि हादरे कमी करायचं काम साहेबांनी दोन वर्षं पुढे ढकललं. म्हणजे मी माझ्या एकट्याचेच नाही, आणखी सहा जणांचे कान बुडवले. ताई, हे मला खात राहणार आहे.

जाड्याही मग तपासणीला गेला. आता ग्राइंडर पाळीपाळीने आणि थोडाच वेळ चालवायचा. मी तूर्त पॅकिंगला. हातांना आराम आहे, मनाला नाही.

तपासणीचं सांगायचं राहिलं. खुर्ची फिरवली, काचेकडे पाठ केली. उजव्या कानात काही आवाज आले, दाबलं बटण. मग डाव्याची वाट बघत बसलो. बराच वेळ गेला. शेवटी वळून बाईंना विचारलं की डावा कधी सुरू करणार. त्या म्हणाल्या, डावाच आधी झाला.

लोभ आहेच, तो राहू दे. आणि येशील तेव्हा माझ्या उजव्या बाजूला बस.

तुझा,
धाकटा